निरोगी व्यक्तींमधील भास

बाहेर कोणतेही उद्दीपक नसताना एखादी वस्तू वा व्यक्ती दिसणे, आवाज ऐकू येणे, वास, चव किंवा स्पर्श जाणवणे यास भास असे म्हणतात. मानसशास्त्राच्या परिभाषेत त्यासाठी निर्वस्तुभ्रम ही संज्ञा वापरली जाते. भास हे स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकारांचे लक्षण म्हणून परिचित आहेत. तथापि कोणताही मनोविकार नसलेल्या व्यक्तींनाही आयुष्यात केव्हा ना केव्हा भास होतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या अनेक पाहण्यांत आढळले आहे. झोप लागताना व जाग येताना, जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर, दीर्घ जागरणात, एकांतात, दृष्टी किंवा श्रवणशक्ती क्षीण झाल्यावर आणि एखादा अवयव गमावल्यावर होणारे भास हे त्यांपैकी प्रमुख होत.

अशा भासांचा चुकीचा अर्थ लावल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते. निरोगी व्यक्तीस वेडसर ठरवले जाते किंवा तिला भूतबाधा झाली असे समजून तिच्यावर अघोरी उपाय केले जातात. याउलट खऱ्या आजाराची लक्षणे ‘नुसता भास’ म्हणून दुर्लक्षित राहिल्यास उपचारास विलंब होतो. त्यामुळे सामान्य भास आणि आजारातील भास यांतील फरक वैद्यकीय तसेच सामाजिक दृष्ट्या महत्त्वाचा मानला जातो.

संज्ञा

मराठीत ‘भास’ हा शब्द बऱ्याच व्यापक अर्थाने वापरला जातो. मानसशास्त्र मात्र पुढील तीन अनुभवांत भेद करते.

• निर्वस्तुभ्रम : वस्तू नसताना तिचे संवेदन होणे. उदा. रिकाम्या घरात कोणी आपले नाव घेऊन हाक मारल्याचे स्पष्ट ऐकू येणे.
• विपर्यास : वस्तू असते, परंतु ती वेगळीच भासते. अंधारात दोरी साप वाटणे हे याचे भारतीय दर्शनांतील प्रसिद्ध उदाहरण होय.
• भ्रांती : संवेदनाशी नव्हे, तर विचाराशी संबंधित दोष. विरुद्ध पुरावा समोर असूनही न ढळणारी चुकीची समजूत, उदा. शेजारी आपल्या अन्नात विष कालवतात अशी ठाम खात्री.

एखाद्या समूहाने खऱ्या घटनेचा चुकीचा अर्थ लावणे हा भास नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी मुंबईसह देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली होती. चमच्यातील दूध कमी होताना लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते व ते खरोखरच कमी होत होते. पृष्ठताण व केशाकर्षण ही त्याची कारणे वैज्ञानिकांनी दाखवून दिली. येथे संवेदन खरे होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ‘अंगात येणे’ हा प्रकारही भासाहून वेगळा आहे. त्यात मुख्यतः व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव व वर्तन काही काळ बदलते.

इतिहास

नसलेली वस्तू दिसण्याचा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात प्राचीन काळापासून चर्चिला गेला आहे. बौद्ध आचार्य वसुबंधू यांनी ‘विंशतिका’ या ग्रंथात तिमिर हा नेत्ररोग झालेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. अशा माणसाला समोर नसलेले केसांचे पुंजके दिसतात. दृष्टिदोषामुळे निरोगी मनालाही नसलेल्या गोष्टी दिसू शकतात, हे निरीक्षण या दृष्टान्तात गृहीत धरलेले आहे.

युरोपात फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ झाँ-एतियेन एस्किरोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भासाची वैद्यकीय व्याख्या रूढ केली. ते वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांवर काम करीत असल्याने भास आणि वेड यांची सांगड पक्की झाली. इ.स. १८४८ मध्ये आल्फ्रेड मोरी यांनी झोप लागतानाच्या भासांचे स्वतंत्र वर्णन केले.

इंग्लंडमधील सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने १८८९ पासून भासांची मोठी पाहणी केली. पूर्ण जागेपणी, बाह्य कारण नसताना काही दिसल्याचे, ऐकू आल्याचे किंवा स्पर्श झाल्याचे आठवते का, असा प्रश्न सुमारे १७,००० लोकांना विचारण्यात आला. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जवळजवळ १० टक्के लोकांनी होकारार्थी उत्तर दिले. संस्थेचा मूळ हेतू अतींद्रिय घटनांचा शोध हा होता. तरीही भास हे सामान्य लोकसंख्येत आढळतात याचा हा पहिला मोठा पुरावा ठरला. पुढे २०१५ मध्ये १८ देशांतील ३१,००० हून अधिक प्रौढांच्या पाहणीत सुमारे ५ टक्के लोकांनी आयुष्यात निदान एकदा असा अनुभव आल्याचे सांगितले. झोपेशी निगडित अनुभव व मादक पदार्थांचा परिणाम त्यात धरलेले नव्हते. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया व तत्सम मनोविकारांचे आयुष्यभरातील प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे. पाहण्यांच्या पद्धती वेगवेगळ्या असल्या, तरी भास होणाऱ्या व्यक्तींची संख्या अशा आजार असलेल्यांच्या संख्येहून बरीच जास्त असते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ मारियुस रोमे आणि पत्रकार सांड्रा एशर यांनी आवाज ऐकू येणाऱ्या व्यक्तींना एकत्र आणले. त्यांतील अनेकांनी कधीही मानसोपचार घेतले नव्हते आणि त्यांचे दैनंदिन जीवन सुरळीत चालू होते.

कारणमीमांसा

डोळे व कान यांच्याकडून येणारी माहिती अपुरी व संदिग्ध असते. मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे तिचा अर्थ लावतो आणि पुढे काय जाणवेल याचा सतत अंदाज बांधतो. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच संवेदन हे एक प्रकारचे नेणिवेतील अनुमान असल्याचे मांडले होते. बाहेरून येणारी माहिती कमी पडली किंवा मेंदूचा अंदाज फारच प्रबळ ठरला, तर अंदाजच संवेदन म्हणून अनुभवास येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक चित्र व एक ध्वनी वारंवार एकत्र सादर करण्यात आले. नंतर ध्वनी वगळून केवळ चित्र दाखवले असताही काही जणांना तो ध्वनी ऐकू आला. ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात अशांमध्ये, मग ते रुग्ण असोत वा नसोत, हे प्रमाण अधिक होते.

भास म्हणजे कल्पनाशक्तीचा खेळ किंवा थाप नव्हे, हेही मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले आहे. दृष्टी क्षीण झालेल्या व्यक्तींना भास होत असताना १९९८ मध्ये घेतलेल्या प्रतिमांत चेहरे दिसत असतील तर चेहरे ओळखणारा, रंग दिसत असतील तर रंगांचे संवेदन करणारा मेंदूचा भाग क्रियाशील झालेला आढळला.

प्रकार

झोपेच्या सीमेवरील भास

हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. डोळा लागत असताना नक्षी, चेहरे वा प्रकाशाचे ठिपके दिसणे, दारावरची घंटा किंवा स्वतःचे नाव ऐकू येणे, उंचावरून पडल्यासारखे वाटणे असे अनुभव यात येतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सुमारे ५,००० लोकांच्या पाहणीत ३७ टक्के लोकांना झोप लागताना, तर १२.५ टक्के लोकांना जाग येताना असे भास झाल्याचे आढळले. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या अमेरिकन नियमावलीतही असे अनुभव सामान्य मानले आहेत.

झोपेतील पक्षाघात, अर्थात स्लीप पॅरालिसिस, हा यातील भीतिदायक प्रकार आहे. स्वप्नावस्थेत शरीराचे स्नायू शिथिल असतात. ही शिथिलता संपण्यापूर्वीच जाग आली, तर व्यक्ती शुद्धीवर असूनही तिला हलता किंवा ओरडता येत नाही. छातीवर दाब येणे, खोलीत कोणीतरी असल्याची जाणीव होणे, अंगावर सावली वाकलेली दिसणे असे भास त्यासोबत होतात. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ही अवस्था आपोआप संपते. विविध देशांतील अभ्यासांचे २०११ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार सुमारे ८ टक्के सर्वसामान्य लोकांना, तर सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांना हा अनुभव निदान एकदा आलेला असतो. अपुरी व अनियमित झोप, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. भूत छातीवर बसल्याच्या अनेक कथांचे मूळ या अवस्थेत असावे, असे मानले जाते.

शोकातील भास

जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची पावले वाजल्याचे, तिने हाक मारल्याचे किंवा ती नेहमीच्या जागी बसल्याचे जाणवणे हे शोकाचे सर्वसामान्य अंग आहे. वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये २२७ विधवा व ६६ विधुर यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना मृत जोडीदाराविषयी असे अनुभव आले होते. जोडीदार जवळ असल्याची जाणीव हा त्यांत सर्वांत जास्त आढळलेला अनुभव होता. दीर्घकाळ संसार झालेल्यांमध्ये प्रमाण अधिक होते. पुष्कळांना या अनुभवाने धीर मिळाला होता, तरीही बहुतेकांनी तो डॉक्टरांनाच काय, घरच्यांनाही सांगितला नव्हता. लोक हसतील किंवा वेड्यात काढतील ही भीती त्यामागील एक कारण होती.

इंद्रिये क्षीण झाल्यामुळे होणारे भास

स्विस शास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवाची नोंद केली. आजोबांची दृष्टी अधू झाली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. त्यांना माणसे, पक्षी, वाहने व इमारती दिसत आणि ते सर्व खरे नाही हे त्यांना ठाऊक असे. पुढे या अवस्थेस शार्ल बोने लक्षणसमूह हे नाव मिळाले. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार किंवा वार्धक्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची होणारी झीज यांमुळे दृष्टी कमी झालेल्यांत ती आढळते. भास मूक असतात. चेहरे, जाळीदार नक्षी, ठेंगणी माणसे अशी दृश्ये वारंवार दिसतात. स्मृतिभ्रंश झाला असे घरचे म्हणतील या भीतीने वृद्ध हे लपवतात. अनेकांच्या बाबतीत हे डोळ्यांच्या विकाराचे परिणाम आहेत असा खुलासा होणे हाच मोठा दिलासा असतो. खोलीत पुरेसा उजेड ठेवणे, डोळ्यांची उघडझाप करणे किंवा नजर फिरवणे याने भास थांबू शकतात. मोतीबिंदूसारखे कारण दूर केल्यास ते पूर्णपणे नाहीसेही होतात. याच धर्तीवर ऐकू कमी येणाऱ्यांना गाणी किंवा वाद्यसंगीत ऐकू येते.

जागरण व एकांत

सलग २४ ते ४८ तास जागरण झाल्यास आकार व अंतर यांचे आकलन बिघडू लागते आणि त्याहून अधिक जागरणात स्पष्ट भास होतात. अमेरिकन रेडिओ निवेदक पीटर ट्रिप १९५९ मध्ये २०१ तास जागे राहिले. त्या काळात त्यांना नसलेल्या वस्तू दिसू लागल्या होत्या. उत्तेजनाचा अभाव हेही एक कारण आहे. कॅनडातील मॅगिल विद्यापीठात १९५० च्या दशकात काही विद्यार्थ्यांना डोळ्यांवर धूसर पट्टी बांधून व आवाज रोखून पडून राहण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना दृश्ये दिसू लागली. गिर्यारोहकांना अतिउंचीवर अदृश्य सोबत्याची जाणीव होते. फ्रँक स्माइद यांनी १९३३ मध्ये एव्हरेस्टवर एकटे असताना सोबत नसलेल्या माणसापुढे खाऊचा तुकडा धरला होता.

आभासी अवयव

हात किंवा पाय कापला गेल्यानंतरही तो जागेवर असल्याची जाणीव बहुसंख्य व्यक्तींना होते. त्यास खाज सुटते, मुंग्या येतात किंवा वेदना होतात. अमेरिकन चेतातज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या अनुभवास नाव दिले. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाच्या साहाय्याने अशा वेदना कमी करण्याची पद्धत सुचवली.

बालपणातील भास

९ ते १२ वर्षे वयाच्या मुलांत भासांसारखे अनुभव सुमारे १७ टक्के, तर १३ ते १८ वर्षे वयोगटात सुमारे ७.५ टक्के आढळतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. बहुतेकांत ते वाढत्या वयाबरोबर ओसरतात. अशा वेळी मुलास न रागावता त्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि त्यास शाळेतील छळ, घरातील भांडणे किंवा झोपेचा अभाव असा काही त्रास आहे का हे पाहणे योग्य ठरते.

मोबाइलचे भास

खिशातील मोबाइल थरथरला असे वाटणे, परंतु प्रत्यक्षात कोणताही संदेश नसणे हा आधुनिक काळातील सामान्य स्पर्शभास होय. अमेरिकेतील एका रुग्णालयात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६८ टक्के वैद्यकीय कर्मचाऱ्यांना हा अनुभव आल्याचे आढळले.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. सामान्य भासांना पोषक अशा अनेक परिस्थिती या भागाच्या दैनंदिन जीवनात आढळतात.

अंधेरीतील सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९७३ मध्ये सुरू झाले. तेथील तसेच मालाड-गोरेगाव पट्ट्यातील अनेक कार्यालये परदेशी वेळेनुसार चालतात. रात्रपाळी, पाळ्यांची अदलाबदल आणि दिवसा तुटक झोप यांमुळे झोपेच्या सीमेवरील भास व झोपेतील पक्षाघात यांची शक्यता वाढते. पहाटेच्या लोकलमध्ये बसल्या जागी डुलकी लागताना आपले स्थानक आल्याची घोषणा झाल्यासारखे वाटून दचकून जागे होणे हा याच प्रकारात मोडणारा अनुभव होय. तो रोगसूचक नसून अपुऱ्या झोपेचा सूचक आहे.

उपनगरी रेल्वेच्या अपघातांत हात किंवा पाय गमावलेल्या व्यक्तींच्या बाबतीत आभासी अवयवाची माहिती रुग्णास व नातेवाइकांस आधीच देणे आवश्यक असते. अन्यथा ‘नसलेला पाय दुखतो’ ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावली जाते. मुंबईत हाजीअली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अपंगत्व आलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम करते.

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण वाढतात. तीव्र तापात रुग्ण बरळतो व त्यास नसलेली माणसे दिसतात. मराठीत यास ‘वात होणे’ असे म्हणतात. हे भास मनोविकाराचे नसतात, पण ते निरुपद्रवीही नसतात. असा रुग्ण, विशेषतः तो वृद्ध असल्यास, त्वरित रुग्णालयात नेणे गरजेचे असते.

समाज, श्रद्धा व कायदा

भासाचा अर्थ संस्कृतीनुसार बदलतो. रात्री कोणी एकदाच हाक मारल्यास ‘ओ’ देऊ नये, हा महाराष्ट्रात प्रचलित असलेला समज अशा हाकांचा अनुभव किती सार्वत्रिक आहे हे दर्शवतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चेन्नई, घानातील आक्रा आणि कॅलिफोर्नियातील सान मातेओ येथील मनोविकारग्रस्तांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील रुग्णांचे आवाज बहुधा अनोळखी व हिंसक होते, तर चेन्नईतील अनेकांना आईवडील वा नातेवाईक घरकाम सांगताना किंवा दटावताना ऐकू येत. आजारातही आवाजांचे स्वरूप समाज घडवतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. देवाचे दर्शन, आराध्याचा आवाज यांसारखे अनुभव विशिष्ट सांस्कृतिक संदर्भात धार्मिक जीवनाचा सामान्य भाग असू शकतात, हे डीएसएम-५ मध्येही नमूद आहे.

श्रद्धेचा आधार घेऊन छळ करणे मात्र गुन्हा आहे. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने यासाठी प्रदीर्घ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्यास बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांसाठी त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दुसऱ्या बाजूने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावे लागते. एखाद्याच्या धार्मिक श्रद्धा किंवा वर्तन समाजाच्या रूढ चौकटीत बसत नाही, एवढ्या आधारावर त्यास मनोरुग्ण ठरवता येत नाही.

मराठी चित्रपटांत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाचे आणि त्याच्या कुटुंबाचे चित्रण केले. यात अतुल कुलकर्णी यांची प्रमुख भूमिका होती.

सामान्य भास व आजार यांतील फरक

केवळ भास झाला म्हणून मनोविकाराचे निदान होत नाही. सामान्य भास बहुधा क्षणिक व तुरळक असतात. झोप, शोक, थकवा किंवा इंद्रियांचा दोष असे त्यांचे कारण सापडते. व्यक्तीस ते खरे नसल्याचे लगेच किंवा थोड्या वेळाने उमगते आणि तिची कामे, नाती व विचारांची सुसंगती अबाधित राहते.

पुढील परिस्थितीत वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

• आवाज वारंवार ऐकू येणे, ते टीका करणारे, धमकावणारे किंवा आज्ञा देणारे असणे.
• स्वतःस वा इतरांस इजा करण्याचे विचार येणे. यात विलंब न करता मदत घ्यावी.
• भासांबरोबर संशय, असंबद्ध बोलणे, माणसांत मिसळणे टाळणे, शिक्षण वा कामातील घसरण दिसणे.
• ताप, डोक्याला मार, फिट, अचानक झालेला गोंधळ किंवा दारू एकदम बंद केल्यावर भास होणे.
• नवीन औषध सुरू केल्यानंतर, तसेच धोतरा, भांग वा अन्य मादक पदार्थांच्या सेवनानंतर भास होणे.
• वृद्ध व्यक्तीस नव्याने भास होणे. अशा वेळी दृष्टी, श्रवण व स्मरणशक्ती या तिन्हींची तपासणी करतात.
• दिवसा अनावर झोप येण्यासोबत झोपेतील पक्षाघात वारंवार होणे.

मुंबईत महापालिकेच्या केईएम, शीव व नायर या रुग्णालयांत, तसेच पश्चिम उपनगरांतील कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. ठाण्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये आयकॉल ही समुपदेशन सेवा सुरू केली.

हेही पाहा

• स्किझोफ्रेनिया
• झोपेतील पक्षाघात
• शार्ल बोने लक्षणसमूह
• अंधश्रद्धा
• मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७